लाल गाडीचे ब्रेक

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर माझ्या नवऱ्याने एक गाडी घेतली. दोन सीटांची, लाल, वरचा कापडी टप मागे लोटला की उघडी होणारी, आमच्या दोघांच्या वयाची विलायती गाडी. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा नाशिकच्या जेल रोडवरच्या आमच्या कॉलनीत ज्याच्या दारात स्कूटर त्याचं बरं चाललंय असं समजत. आमच्या दारात ती लाल गाडी उभी राहिली आणि लोकांना काय बोलावं तेच कळेना. आम्हाला मूल नव्हतं. त्यामुळे दोन सीटांवरून जे बोलायचं ते नातेवाईक बोलून गेले. मी ऐकून घेतलं. मी महापालिकेच्या शाळेत शिकवायचे. दिवसभर साठ पोरांपुढे उभं राहून आल्यावर भांडायला अंगात काही उरत नसे.

नवरा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. लोखंडाशी त्याचं चांगलं जमायचं. पण गाडी घेण्यामागचं कारण लोखंड नव्हतं. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, देवळाली कॅम्पात एका बंगल्यावर माळीकाम केलं होतं. बंगला लष्करातून निवृत्त झालेल्या एका साहेबांचा. बागेला पाणी घालून झालं की आबा साहेबांची लाल गाडी धुवायचे. सगळी नोकरी त्यांनी ती गाडी धुतली. पुढे साहेब थकले, मुलाकडे दिल्लीला जायला निघाले, तेव्हा गाडी ताडपत्रीखाली पडून होती. नवऱ्याने ती मागितली. साहेबांनी स्वस्तात दिली. आमच्यासाठी तीही स्वस्त नव्हती.

टेम्पोला दोर बांधून ओढत आणलेली गाडी दारात लागली तेव्हा आबा फाटकात उभे होते. ते म्हणाले, "हिचं हितं काय काम?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून पाहते तो आबा बादली आणि फडकं घेऊन गाडी धूत होते.

नवरा धावत बाहेर गेला. "आबा, ठेवा ती बादली."

"धुळीची हाय. दिसत नाय का?"

"मी धुतो ना."

"तू धू की. मी काय नको म्हणलो?" असं म्हणून आबा पुढच्या चाकाकडे वळले.

असं रोज व्हायचं. ज्या गाडीचा मालक म्हणून बापाला मिरवायचं, तीच बाप रोज वाकून धुतोय, हे नवऱ्याला सोसायचं नाही. आणि आबा गाडीत बसायला तयार नसत. गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर आली, कॉलनीला तिची सवय झाली, जयंतीच्या मिरवणुकीत निळे झेंडे लावून ती माणसाच्या चालीने उपनगर नाक्यापर्यंत गेली, तरी आबा तिच्या पुढे पायीच चालले. पोरांनी, बायकांनी, सगळ्यांनी सांगून पाहिलं.

"बसा ना आबा. तुमचीच आहे."

"मला चालायची सवय हाय."

गाडीला नेहमी काहीतरी व्हायचं. त्यातही ब्रेकचं काम निघालं की मी अडकायचे, कारण ते एकट्याने होत नाही. ब्रेकच्या तेलाच्या नळीतली हवा काढायची तर एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकाशी आडवं पडून नळीचं तोंड सैल करायचं. आत बसणारी मी. मांडीवर तपासायच्या उत्तरपत्रिका, पाय पेडलवर.

"दाब," खालून आवाज यायचा. "धर. धरून ठेव. हं, सोड."

रविवारची अख्खी सकाळ हे चालायचं. पोटऱ्या भरून यायच्या. त्या गाडीच्या ब्रेकला मदत करणारं यंत्र काही नव्हतं, जो काय जोर तो पायाचाच. शेजारीण फाटकाशी थांबून विचारायची, "काय मॅडम, शिकताय का चालवायला?" मी नुसती हसायचे.

आबांची धाकटी बहीण पेठला दिलेली होती. ती वारली आणि तिच्या पुण्यानुमोदनाला आम्ही गेलो. नवऱ्याच्या मनात आबांना गाडीतून न्यायचं होतं. आबा आदल्या दिवशीच एसटीने निघून गेले. मग मी गाडीत बसले. शाळेत मतदारयाद्यांचं काम लागलं होतं, दोन आठवडे मी घराघरांतून फिरत होते, पाय सुजले होते. एक दिवस बसून प्रवास होईल एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दिंडोरी नाक्यापासूनच पुढच्या चाकातून खरखर येत होती. मी म्हटलं, "अहो, हा आवाज कसला?"

"माती असेल. जाऊन येऊ, मग बघतो."

जाताना काही झालं नाही. दुपारी जेवणं झाली, वंदना झाली, आत्याबाईंच्या सुना गळ्यात पडून रडल्या. आम्ही परत निघालो. घाटाच्या उतरणीला लागलो आणि त्या खरखरीचा किंचाळण्यासारखा आवाज झाला. पाठोपाठ जळका वास. नवऱ्याचा गुडघा वर उचलून पुन्हा खाली गेला, पुन्हा वर, पुन्हा खाली. एवढी वर्षं ते पेडल दाबून मला ते माहीत झालं होतं. पाय असा जाता कामा नये, हे मला कळलं.

"धरून बस," तो म्हणाला.

त्याने गियर खाली टाकले, हॅण्डब्रेक ओढला, आणि दरीच्या बाजूला न जाता डोंगराच्या बाजूला गाडी घातली. गटारात एक चाक उतरलं, मातीच्या ढिगाऱ्याला नाक टेकलं आणि आम्ही थांबलो. माझ्या मांडीवरचा आत्याबाईंच्या घरून दिलेला डबा रस्त्यावर घरंगळत जाऊन थांबला. मग मी उतरून डबा घेऊन आले. दुसरं काही सुचत नव्हतं.

नवऱ्याने सांगितलं ते असं. ब्रेक पॅड म्हणजे चाकाच्या थाळीला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या दोन वड्या. वडीवरचा मसाला झिजत झिजत संपला होता आणि मागचं लोखंड थाळीवर घासत होतं. त्या उष्णतेने नळीतलं तेल उकळलं. तेलाची वाफ झाली की पेडल नुसतं खाली जातं, पकडत काही नाही.

"मग आता?"

"थंड झालं की थोडा ब्रेक परत येईल. किती टिकेल ते सांगता येत नाही."

नवऱ्याने गाडी मागे घेऊन चाक गटारातून वर काढलं आणि आम्ही तिथे बसलेले असतानाच पेठहून येणारी एसटी वळणावर दिसली. खिडकीत आबा. त्यांनी आम्हाला पाहिलं, आणि एसटी थांबायच्या आत ते दाराशी आले. उतरून ते आधी माझ्याकडे आले, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग मुलाकडे गेले.

"ब्रेक गेला?"

"हो."

"पुरता?"

"घाट उतरण्यापुरता हॅण्डब्रेक आहे. हळूहळू नेईन मी. तुम्ही हिला घेऊन एसटीने जा."

कंडक्टरने दारातून हाक दिली, "आजोबा, येताय का? लोक खोळंबलेत."

आबा मला म्हणाले, "सूनबाई, तू जा. माझी खिडकीची जागा हाय, तिथं बस."

"आणि तुम्ही?"

"मी ह्याच्यासंग येतो."

"आबा, नको," नवरा म्हणाला. "गाडी इथेच ठेवतो मी. उद्या कुणाला तरी घेऊन येईन."

"हितं रानात ठेवून झोप येईल का तुला?" आबा एवढंच बोलले आणि रस्त्याच्या कडेने दगड बघत चालू लागले. एक उचलला, हलका म्हणून टाकला. दुसरा उचलला, भाकरीच्या पिठाच्या गोळ्यापेक्षा मोठा, एका बाजूने सपाट. खांद्यावरच्या टॉवेलने त्याची माती पुसली. मग गाडीचं दार उघडून ते आत बसले. आयुष्यात पहिल्यांदा. दगड मांडीवर.

"हा कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"गाडी धरंनाशी झाली तर उडी मारून चाकाखाली घालतो. चल."

एसटी हलली तेव्हा मागच्या काचेतून मला दोन डोकी दिसली, एक काळं आणि एक पांढरं टोपीतलं. वळण आलं आणि ती दिसेनाशी झाली. खिडकीची ती जागा आबांच्या अंगाने अजून गरम होती. मला रडू यायला हवं होतं, भीती वाटायला हवी होती. मला झोप लागली. नाशकात शिरताना, पेठ नाक्यावर, शेजारच्या बाईने दंडाला धरून हलवलं तेव्हा जाग आली.

नाक्यावरच्या चहाच्या टपरीपाशी मी उभी राहिले. टपरीवाल्याने स्टूल दिलं. ऊन उतरत गेलं, द्राक्षांच्या क्रेटांनी भरलेले ट्रक गेले, पुढची एसटीही आली. तिच्या ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, "लाल गाडी ना? येतेय बैलगाडीसारखी. म्हातारं हात करून सगळ्यांना पुढं सोडतंय." तेव्हा मी बसले.

दिवे लागायच्या सुमाराला ते आले. आबांच्या भुवयांवर धूळ बसली होती. दगड मांडीवरच होता. नवऱ्याच्या डाव्या हाताच्या तळव्याला हॅण्डब्रेक ओढून ओढून फोड आला होता. आबा उतरले, गुडघे चोळले आणि म्हणाले, "चहा सांगा."

नंतर नवऱ्याने मला सांगितलं, आबा वाटभर बोलत होते. एवढं ते कधीच बोलले नव्हते. बंगल्यावर असताना एकदा गवत कापताना विळा पायात घुसला होता. साहेब बाहेर आले, रक्त पाहिलं, गाडी काढली आणि म्हणाले, बस, दवाखान्यात सोडतो. आबांनी आपल्या चिखलाच्या धोतराकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, नको साहेब, सीट खराब होईल, मी चालत जातो. साहेबांनी दोनदा म्हटलं. आबा पायाला फडकं गुंडाळून कॅम्पाच्या दवाखान्यात चालत गेले.

"मला कोणी बसू नको म्हणलं नव्हतं," आबा घाटात म्हणाले होते. "मीच नाय बसलो. मग म्हणलं, आता कशाला बसायचं?"

हे सांगून नवरा फोडाला मलम लावत बसला.

मग पॅड शोधणं सुरू झालं. त्या गाडीचे पॅड नाशकात मिळणार नव्हते हे उघड होतं. द्वारका चौकाजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानदाराने झिजलेली वडी हातात फिरवून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, पॅड मी काय देणार? तुम्ही गाडीच घेऊन या, एकदा बघू तरी." नवऱ्याचा एक जुना सहकारी इंग्लंडला गेला होता. त्याला पत्र टाकलं. खूप दिवसांनी एक खोकं आलं. आत चार पॅड, आकाराला तंतोतंत. खोक्यावर शर्यतीच्या गाडीचं चित्र. नवऱ्याने ते खोकं टीव्हीवर ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

ते पॅड बसवले. गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, पिना ओढल्या, जुन्या वड्या बाहेर काढल्या, वड्यांना ढकलणारा पिस्टन सपाट पट्टीने मागे रेटला, नव्या वड्या सरकवल्या. मी पेडलवर. दाब, धर, सोड. पेडल दगडासारखं कडक झालं. नवरा खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगूरच्या रस्त्याला चक्कर मारायला गेलो. ब्रेक दाबला की गाडी आधी थोडी पुढे जायची आणि मग विचार केल्यासारखी थांबायची. थांबताना अशी किंचाळायची की रस्त्यावरची कुत्री उठून उभी राहायची.

"नवीन आहेत. बसतील," नवरा म्हणाला.

ते बसले नाहीत. खोक्यातला कागद त्याने पुन्हा वाचला. कडक मसाल्याचे पॅड ते, तापले की धरतात, थंड असताना नाही. शर्यतीत वळणावळणाला ब्रेक दाबून ते तापलेलेच असतात.

मी म्हटलं, "आपण कुठे शर्यतीला चाललोय? आपल्याला सिग्नलला थांबायचंय."

"अगं, पण घाटात हेच कामाला येतील. घाटात काय झालं ते पाहिलंस ना?"

"घाट वर्षातून एकदा. सिग्नल रोजचा."

त्याला पटलं नाही. घाटातली ती उतरण त्याच्या पायात बसली होती. काही आठवडे त्याने ते पॅड तसेच चालवले. मग एका सकाळी दत्तमंदिराच्या चौकात मेथीच्या जुड्यांनी भरलेली हातगाडी आडवी आली. नवरा पेडलवर जवळजवळ उभाच राहिला. गाडी हातगाडीला वीतभर अंतरावर थांबली. हातगाडीवाला शिव्या देईल म्हणून आम्ही वाट पाहत होतो. तो नुसता गाडीकडे बघत म्हणाला, "काय साहेब, गाडी हाय का बैल? लगाम तरी लावा."

त्या संध्याकाळी टीव्हीवरचं खोकं माळ्यावर गेलं.

मऊ मसाल्याचे पॅड म्हणजे आपल्याकडच्या साध्या गाडीचे. पहिल्याच दाबाला धरणारे, लवकर झिजणारे, चाक काळं करणारे. नवऱ्याने पुठ्ठा कापून आकार केला आणि द्वारकेच्या दुकानात एकेक वडी त्यावर ठेवून पाहिली. दुकानदाराने सगळी खोकी काउंटरवर ओतली. एका गाडीची वडी थोडीशी मोठी होती, पण जाडी जुळत होती. ती आणली. टूलरूमच्या साहेबांना विचारून जेवणाच्या सुट्टीत कडा घासल्या, पाठीचं लोखंड सपाट केलं. घरी येऊन लावून पाहिली, एका कोपऱ्यात अडकत होती. पुन्हा घासली. पुन्हा पाहिली. आठवडाभर आमच्या ताटाशेजारी त्या वड्या असायच्या.

मसाला कुठला निवडायचा हे ठरवताना त्याने मला विचारलं होतं. दुकानदाराने दोन प्रकार दिले होते, एक जरा टणक, एक अगदी मऊ. दोन्ही लावून, दोन्ही वेळा मला पेडलवर बसवून त्याने कॉलनीतल्या कॉलनीत गाडी मागून ढकलली आणि मला ब्रेक दाबायला लावला.

"कुठला बरा?"

"हा. पहिला दाबताना मला उठून बसावं लागलं."

"पण हा झिजेल लवकर. सारखं काम निघेल."

"निघू दे."

असं मी म्हणाले, आणि तसंच झालं. मऊ पॅड पुढची सगळी वर्षं झिजत राहिले आणि आम्ही बदलत राहिलो. दोन हजार साल आलं, पाचवीच्या पोरांना मी तेच धडे शिकवत राहिले, कारखान्यात माणसं कमी करायला लागले, नवऱ्याने वेळेआधी निवृत्ती घेतली. त्याचे गुडघे दुखायला लागले तसा तो चाकाशी आडवा पडायला आणि पडला की उठायला वेळ लावायचा. खालून आवाज यायचा, "दाब. धर." कधीकधी त्यानंतर बराच वेळ काही ऐकू यायचं नाही. मी विचारायचे, "अहो, धरूनच ठेवू का?" तेव्हा कळायचं, त्याला तिथे खाली डुलकी लागली होती.

आबा मात्र घाटानंतर गाडीत बसू लागले. कुणी आग्रह केला नाही. एका रविवारी बाहेर निघालो तर ते टोपी घालून आधीच सीटवर बसलेले. मला म्हणाले, "सूनबाई, तू घरी आराम कर." खरं तर मला तेच हवं होतं. बापलेक फिरायला जायचे. एकदा कॅम्पात त्या बंगल्यापाशी गेले. बंगला पाडून तिथे इमारतीचा पाया खणला होता. आबा उतरले नाहीत. थोडा वेळ खड्ड्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जांभळाचं झाड ठिवलं वाटतं. चल." घरी आल्यावर त्यांनी चाकांवरची काळी पूड धुतली. ते काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. नवऱ्यानेही त्यांना अडवणं बंद केलं होतं, तो शेजारी पायरीवर बसून पेपर वाचायचा.

एका हिवाळ्यात आबा झोपेतच गेले.

त्यानंतर दोनेक वर्षं गाडी होती. नाशिक-पुणे रस्त्यावर रहदारी एवढी वाढली की ती बुटकी गाडी ट्रकवाल्यांना दिसायचीही नाही. नवरा किल्ली घ्यायचा, दाराशी जायचा आणि परत येऊन बसायचा. ब्रेकचं काम पुन्हा निघालं, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पुढच्या रविवारी करू," तो म्हणाला. पुढच्या रविवारीही केलं नाही.

पुण्याहून एक तरुण माणूस बघायला आला. त्याला जुन्या गाड्यांचा षोक होता. सगळं सामान मूळ कंपनीचं घालणार म्हणाला. नवऱ्याने त्याला ब्रेकबद्दल सांगायला सुरुवात केली, की मऊच पॅड लाव, गाडी हलकी आहे, घाटात गियरवर उतर. तो "हो काका, हो काका" म्हणत मोबाइलवर फोटो काढत होता. नवरा मध्येच बोलायचा थांबला. मग दोघांनी मिळून गाडी ढकलत ट्रकच्या फळीवर चढवली. मी स्टिअरिंग सरळ धरायला आत बसले, कारण माझे गुडघे बरे होते.

ट्रक गेल्यावर आम्ही फाटक लावून घेतलं. मी भात टाकला होता, तो आम्ही जेवलो. जेवून नवरा चटईवर आडवा झाला आणि मीही त्याच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून पडले. जाग आली तेव्हा घरात अंधार होता आणि बाहेर कॉलनीतले दिवे लागले होते.

"किती वाजले?" त्याने विचारलं.

"काय माहीत," मी म्हटलं. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.